सही, अंगठा आणि चिठ्ठी

मागच्या महिन्यात गटाचा फॉर्म भरत होते. त्यात एक रकाना होता, 'साक्षर सदस्य किती?' मी पटकन ११ लिहिले. अकराही जणी सही करतात ना! मग हात थांबला. यातल्याच एका ताईंनी दोन वर्षांपूर्वी एका कर्जाच्या कागदावर सही केली होती. तो जामीनदाराचा कागद होता, हे त्यांना वसुलीवाले दारात आल्यावर कळलं. सही अगदी वळणदार होती. वर काय लिहिलंय ते मात्र वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून शोधतेय, एखाद्याला लिहिता येतं की नाही हे आजवर कसं ठरवलं गेलं?

आपल्याकडच्या जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा कुणबी नांगराचं चित्र काढायचा आणि बाई बांगडीचं. बाजूला लिहिणारा 'निशाणी नांगर', 'निशाणी बांगडी' असं नोंदवायचा. पुढे डावा अंगठा आला. मला त्या बांगडीत एक प्रामाणिकपणा वाटतो. हिने कागद वाचलेला नाही, हे बघणाऱ्याला लगेच समजायचं.

इंग्लंडात १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत नवरा-नवरीने सही करायची किंवा फुली मारायची, असा कायदा लागू झाला. पुढे अभ्यासकांनी या सह्या मोजून लोकांची साक्षरता काढली. १८४० च्या सुमारास तिथे साधारण दोन तृतीयांश नवरे सही करत होते, आणि नवऱ्या निम्म्याच. पण सही मोजली म्हणजे लिहिणं मोजलं का? हाच प्रश्न त्या अभ्यासकांनाही पडला होता.

आपल्या जनगणनेतही हा घोळ झाला. १८८१ आणि १८९१ साली लोकांचे तीन भाग केले होते: शिकणारे, साक्षर आणि निरक्षर. १९०१ पासून दोनच उरले. आणि १९११ साली जी कसोटी लावली, ती मला फार आवडली. स्नेह्याला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे, तरच साक्षर. अर्थात प्रगणक कोणाला दारात पत्र लिहायला बसवत नसे. विचारायचं आणि लिहून घ्यायचं, एवढंच. आजही तसंच आहे. समजून वाचता-लिहिता येतं का, असं विचारतात आणि बहुतेक वेळा उत्तर घरातला दुसराच कोणी देतो. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या पंच्याहत्तर बायका साक्षर निघाल्या. त्यांतल्या किती जणी पत्र लिहू शकतात, हे त्या आकड्यातून कळत नाही.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हा मात्र मोजमाप नीट ठरवलं. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचायचे, बघून ७ शब्द लिहायचे, ऐकून ५ लिहायचे. शब्दांत अंतर हवं, ओळ सरळ हवी. शिवाय छोटी चिठ्ठी, अर्ज आणि रोजच्या वापरातले फॉर्म आपले आपण लिहिता यायला हवेत. मिनिटाला पाच शब्द म्हणजे काय मोठं, असं शिकलेल्यांना वाटेल. दिवसभर खुरपं धरलेल्या हाताला विचारा!

आताच्या 'उल्लास' कार्यक्रमात १५० गुणांची परीक्षा असते. वाचन, लेखन आणि अंकज्ञान, प्रत्येकी ५०. आमच्या सासूबाई परीक्षेला निघाल्या, तेव्हा नातवाने आपलं चांगलं पेन दिलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "वाचायचं सोपं होतं गं, लिहिताना घाम फुटला." सही त्या वीस वर्षांपासून करतात.

मग मी आमच्या बैठकीत ती १९११ ची कसोटी लावून बघितली. प्रत्येकीने माहेरी दोन ओळी लिहायच्या. हसत-लाजत सगळ्या बसल्या. चौघींची चिठ्ठी पूर्ण झाली. तिघींनी नाव आणि गाव लिहिलं. बाकीच्यांनी पेन खाली ठेवलं. जामीनवाल्या ताईंनी 'आई' एवढंच लिहिलं आणि कागद घडी घालून कमरेला खोचला.

फॉर्मवर ११ खोडून मी ४ केले. दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला, "मॅडम, मागच्या वर्षी अकरा होत्या, यंदा कमी कशा झाल्या?"