धावेची कुळकथा

वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलेल्या, तळ्यांच्या आणि धानाच्या ज्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि ज्याचा एक मोठा तुकडा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याच्या दफ्तरातून वेगळा निघून गोंदिया जिल्हा म्हणून नांदू लागला, त्या मुलखात चाकाचे माप गाडीवानाच्या हौसेने नव्हे, तर जमिनीच्या स्वभावाने ठरत आलेले आहे. पावसाळ्यात बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल आणि तो वाळल्यावर दगडासारखी झालेली ढेकळे, या दोन्ही अवस्थांतून ज्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जावयाचे, तिला लहान चाक उपयोगाचे नाही. कारण खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यात खोल उतरते आणि काठावर आदळते, तर मोठे चाक तोच काठ सौम्य चढाने ओलांडून जाते. शिवाय आस जितका उंच, तितकी ओढ बैलाच्या खांद्याच्या रेषेजवळ येते. चार ते पाच फूट व्यासाचे जे चाक विदर्भातील जुन्या बंडीला दिसते, त्याच्या मागे असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे.

या चाकाचे साहित्य जवळच्याच रानाने पुरविले. तिवसाचे लाकूड चिवट आणि धक्का सोसणारे, म्हणून ते चाकाला. धावड्याचे बळकट आणि लवचीक, म्हणून ते आसाला. आणि जेथे ही झाडे हाताशी नसत तेथे बाभूळ. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसणारे पुठ्ठे, एवढे वाढई घडवितो. परंतु वाढईने कितीही कसब ओतले तरी ते चाक अजून तुकड्यांची जुळणीच असते. त्याला एकजीव करते ती कडेवरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, आणि ती चढविण्याचे काम लोहाराचे.

हे काम ज्याने पाहिले आहे त्याला मोजमापाविषयी निराळा आदर वाटल्यावाचून राहत नाही. लोहार चाकाचा परीघ सुतळीने मोजतो आणि धाव त्या मापाहून बेताने आखूड ठेवून तिची टोके जोडतो. ४.५ फूट व्यासाच्या चाकाचा परीघ १४ फुटांहून किंचित अधिक भरतो, आणि एवढ्या लांबीची पट्टी गोवऱ्यांच्या कड्यात ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापली की इंच-सव्वा इंच वाढते. त्या इंचभर वाढीवर सारा व्यवहार उभा आहे. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर तिघे-चौघे चिमट्यांनी ती लाल कडी आणून बसवितात, घणाचे चार ठोके पडतात, पुठ्ठे धुमसू लागतात, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतावे लागते. थंड होताना लोखंड आकसते, सांधे करकरतात, आरे तुंब्यात घट्ट रुततात, आणि एकही खिळा न ठोकता चाक अखंड होते. धाव फार आखूड झाली तर आरे वाकतात, आणि सैल राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात निसटते. हे अचूक माप सुतळीला घातलेल्या गाठीवर निघते, आणि मला तरी त्या गाठीची योग्यता कोणत्याही यंत्रशाळेतील मापकाहून उणी वाटत नाही.

गोंदियाला रेल्वे आली आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून थेट कलकत्त्याकडे रूळ नेले, तेव्हा धान, लाख आणि तेंदूपत्ता घेऊन बंड्या स्टेशनाकडे लोटू लागल्या, आणि चिखलासाठी जन्मलेली धाव खडीच्या सडकेवर आली. येथूनच तिच्यावर फिर्याद सुरू झाली. चिखलात दीड-दोन इंचांची अरुंद धाव वरचा थर कापून खालच्या कठीण थरावर टेकते, हा तिचा गुण. पण सडकेवर सारे ओझे त्याच दीड-दोन इंचांवर येऊन खडी भरडली जाते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमली गेलेली रस्ते समिती, १९३४ सालची इंडियन रोड्स काँग्रेस आणि १९४३ साली नागपुरास भरून वीस वर्षांची रस्तेयोजना आखणारी मुख्य अभियंत्यांची परिषद, या साऱ्या काळात लोखंडी धावेची बैलगाडी ही सडकेच्या बांधकामापुढील एक मोठी अडचण होती. अभियंत्यांचे गणित खरे होते. मात्र शेतकऱ्याला निम्मी वाट बांधीतून आणि निम्मी सडकेवरून काढावयाची होती, आणि दोन जमिनींसाठी दोन चाके ठेवणे त्याला परवडणारे नव्हते.

तोड निघाली ती रबरातून. रॉबर्ट टॉमसन याने हवेच्या धावेचे पेटंट १८४५ सालीच घेतले होते, पण ते काळाच्या पुढचे ठरले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलपने मुलाच्या तिचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि ती जगभर गेली. डनलपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे निघाला, आणि पुढे बैलगाडीसाठी निराळे टायर घडू लागले. त्यांच्या कडेवर ८.००-१९ असा मजकूर उमटविलेला असतो: पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा लोखंडी चकतीच्या व्यासाचा, आणि दोन्ही इंचांत. टायरची उंची त्याच्या रुंदीइतकी धरली तर सारे चाक सुमारे तीन फुटांचे होते, म्हणजे जुन्या चाकाहून दीड फूट खुजे. पण रुंद आणि मऊ असल्याने ते सडक भरडत नाही आणि सैल मातीतही फारसे रुतत नाही. टायरच्या बंडीने मालवाहतूक जिंकली ती या गुणावर.

शर्यतीत मात्र तिचे चालले नाही, आणि मला या कुळकथेतील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. धान निघाल्यावर, थंडीच्या दिवसांत, मोकळ्या झालेल्या शेतजमिनीवर झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा पट, भरतो; जोड्या हलक्या छकड्याला जुंपल्या जातात आणि धुरकरी प्राण पणाला लावून त्यांना हाकतो. अमरावतीकडे तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. तेथे घड्याळ निकाल देते. पटाच्या शर्यतीत ओझे नाही, चिखल नाही, पल्लाही थोडका. जे काही आहे ते पहिल्या काही पावलांत वेग घेणे. चाकाच्या कडेवरील वजन गाडीबरोबर पुढे तर सरकतेच, शिवाय फिरतेही, म्हणून ते वेगात आणण्याला साटीवरील तेवढ्याच वजनाच्या दुप्पट जोर लागतो. धाव शेरभर जड झाली की बैलांना ती दोन शेरांची होते. म्हणून पटाच्या छकड्याला चाक लहान, आरे सडपातळ आणि धाव पातळ.

अलीकडे शहरांतील तरुण आपल्या रोजच्या मोटारी घेऊन ऑटोक्रॉस नावाच्या शर्यतीत उतरतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. तेथेही मैदान तात्पुरते, पल्ला थोडका आणि सामना घड्याळाशी. दिसायला भारदस्त म्हणून मोठी चकती बसविणारा नवखा प्रत्येक वळणानंतर मागे पडतो. शिवाय चाकाचा एकूण व्यास वाढला की इंजिनाची ओढही तितकी पातळ होते. जुन्या मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असे: १४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७० टक्के उंची आणि १२ इंचांची चकती, म्हणजे सारे चाक जेमतेम वीस इंचांचे. हौशी चालकाने आपली हौस रुंद, पकड धरणाऱ्या रबरावर खर्च करावी आणि चकती शक्य तितकी लहान नि हलकी ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. प्राण्यांच्या यातनेचा जो प्रश्न न्यायालयाने विचारला तो रास्त होता, आणि पराणी टोचून मिळविलेल्या वेगाला शर्यत म्हणावे असे मलाही वाटत नाही. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम केला. परंतु बंदीच्या वर्षांत छकडे उभे राहिले, आणि न फिरणाऱ्या चाकाचे लाकूड आटते आणि धाव सैल पडते. अशा चाकाला पुन्हा भट्टीवर जावे लागते, आणि ती भट्टी पेटविणारे लोहार आता वेल्डिंगच्या दुकानांत फाटके आणि खिडक्या घडवीत आहेत. टायरचे माप त्याच्या अंगावरच छापलेले असते, कोणीही वाचावे; पटाच्या छकड्याचा व्यास किती, धाव किती जाड आणि परिघाहून किती आखूड, हे मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदलेले मला आढळले नाही. सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत ज्या गावांत जुने लोहार आणि वाढई अजून आहेत, तेथे कोणी वही आणि मोजपट्टी घेऊन जावे, आणि ही मापे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच परिभाषेत, लवकर लिहून घ्यावीत.