वास्तुकलेतील दोन बंडे

इतिहास शिकविणाऱ्यांस कालखंडांच्या भिंती फार सोयीच्या वाटतात. अमक्या साली एक युग संपले, तमक्या साली दुसरे उगवले, असे फळ्यावर लिहिले की तास सुरळीत पार पडतो. पाश्चात्त्य वास्तुकलेच्या अलीकडील इतिहासातही अशी एक भिंत घातलेली आढळते : अलीकडे उत्तर-आधुनिक वास्तुकला, पलीकडे तिला उलथून टाकणारा विरचनावाद. ही भिंत मला कच्ची वाटते.

ती घातली गेली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. १९८८ साली फिलिप जॉन्सन व मार्क विगली यांनी तेथे सात वास्तुशिल्पींच्या कामाचे प्रदर्शन भरविले आणि त्यास ‘विरचनावादी वास्तुकला’ हे नाव दिले. दुभंगलेले घन, कललेल्या भिंती, एकमेकांत घुसलेले कोन. पाहणाऱ्यास हे सारे अपूर्वच वाटले असणार. पण हे जॉन्सन कोण? १९३२ साली ह्याच संग्रहालयात अलंकारहीन ‘आंतरराष्ट्रीय शैली’चा पुरस्कार करणाऱ्या प्रदर्शनाचे एक सूत्रधार, आणि १९८४ मध्ये पुऱ्या झालेल्या ए. टी. अँड टी. कंपनीच्या इमारतीवर जुन्या इंग्रजी कपाटासारखा शिरोभाग चढवून उत्तर-आधुनिकांचे अग्रणी ठरलेले गृहस्थ. तिन्ही युगांच्या दारात स्वागतास तेच उभे!

याहून बोलका पुरावा व्हेनिसचा आहे. १९८० साली पाओलो पोर्तोगेझी यांनी तेथील दोर वळण्याच्या जुन्या कारखान्यात वीस दर्शनी भिंतींचा एक रस्ताच उभा केला. विषय होता भूतकाळाची उपस्थिती. खांब, कमानी, कोनाडे यांच्या त्या मेळ्यात फ्रँक गेहरी यांनी नुसता लाकडी सांगाडा मांडला होता. रेम कूलहास यांच्या संस्थेसही तेथे जागा मिळाली होती. पुढे १९८८ च्या सातांत हे दोघेही आहेतच.

साहित्याच्या अध्यापकांस ‘विरचना’ म्हणताच देरिदा आठवावेत, हे साहजिक होय. परंतु विगली यांनी हे नाते नाकारून विरचनावादाचे मूळ १९१७ च्या आगेमागे उमललेल्या रशियन कलेत शोधले. म्हणजे भूतकाळाकडे पाठ फिरविणाऱ्यांसही पूर्वज लागलेच. रॉबर्ट व्हेंतुरी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ज्या अंतर्विरोधाची बाजू घेतली होती, तोच येथे अधिक कठोर होऊन आला आहे, असे माझे मत आहे.

भेद नाहीच, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. ओहायो राज्यातील कोलंबस येथे विद्यापीठाचे एक जुने शस्त्रागार होते. १९५८ मध्ये ते आगीत सापडले आणि पुढे पाडण्यात आले. १९८९ मध्ये त्या परिसरात पीटर आयझेनमन यांचे वेक्सनर कलाकेंद्र उघडले. शहराच्या रस्त्यांची आखणी आणि विद्यापीठाची आखणी यांत सव्वाबारा अंशांचा फरक आहे. तो झाकण्याऐवजी त्यांनी त्यालाच इमारतीचे सूत्र केले. शस्त्रागाराचे विटांचे बुरूजही पुन्हा उभारले. येथवर हे काम उत्तर-आधुनिकच म्हणावे लागेल. पण बुरूज पूर्ण केले नाहीत. ते चिरलेले, मधूनच तुटलेले ठेवले. स्मृती जागवावयाची, पण झालेला नाश लपवावयाचा नाही, हे विरचनावाद्यांचे खरे वेगळेपण. आतील एका जिन्यावर तर एक खांब छतापासून लोंबतो आणि जमिनीस टेकतच नाही.

छतातून येणाऱ्या उन्हाने चित्रांस अपाय होऊ लागला, तेव्हा इमारतीची मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली. ती २००५ साली संपली. बुरूज तसेच चिरलेले राहिले आहेत.