शिधापत्रिका आणि औषधोपचाराचा अधिकार : परभणी जिल्ह्याचा दाखला

गरीब कोणास म्हणावे, हा प्रश्न महाराष्ट्र शासनास धान्यवाटपाच्या निमित्ताने सोडवावा लागला. पुढे औषधोपचारातही तोच प्रश्न उभा राहिला, तेव्हा धान्यासाठी तयार झालेला कागदच उत्तरादाखल स्वीकारण्यात आला. या निवडीचे परिणाम परभणीसारख्या मुख्यतः कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात विशेष स्पष्टपणे दिसतात.

शासनाने १९९७ साली जीवनदायी योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांच्या गंभीर विकारांवरील उपचारांसाठी साहाय्य देणे, हा तिचा हेतू होता. कागदपत्रे जमवून आधी मंजुरी मिळवावी लागे, आणि असे उपचार जिल्ह्यात होत नसल्याने परभणीच्या रुग्णास परगावची वाट धरावी लागे. मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये तेव्हा होती ती औरंगाबाद, अंबाजोगाई व नांदेड येथे.

१ मे १९९९ हा दिवस जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय आहे. त्या दिवशी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, आणि त्याच दिवसापासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका अमलात आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांस पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असलेल्यांस शुभ्र, अशी ही विभागणी होती. उत्पन्नाबरोबरच जमिनीचे क्षेत्र व चारचाकी वाहन यांचाही विचार होई. धान्य कोणास कोणत्या दराने द्यावे, एवढ्यापुरतीच ही रचना होती. आजारपणाचा विचार तीत नव्हता.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे नांदेड होते, परभणी नव्हते; परभणीस ती राज्याच्या उर्वरित भागाबरोबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लाभली. आता साहाय्याचे रूप विम्याचे झाले. हप्ता शासन भरी, संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र रुग्णाची कागदपत्रे पाहून घेई, आणि वर्षाकाठी दर कुटुंबास दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न देता मिळत. पात्रता मात्र पिवळ्या व केशरी पत्रिकेवरच ठरली. १९९९ साली धान्यासाठी आखलेली १ लाखाची मर्यादा चौदा वर्षांनंतर, रुपयाचे मोल बरेच घटलेले असतानाही, औषधोपचारास लागू झाली.

कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते. पत्रिकेचा रंग मात्र पावसाबरोबर बदलत नाही. चांगल्या वर्षी शुभ्र ठरलेले कुटुंब नापिकीच्या वर्षी कर्जात बुडाले, तरी कागदोपत्री ते सधनच राही. २०१५ साली शासनाने ही विसंगती मान्य केली. मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा आपद्ग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्रपत्रिकाधारक शेतकऱ्यांस योजना खुली झाली, आणि परभणी त्यांपैकी एक होते. या शेतकऱ्यास पत्रिकेसोबत ७/१२ चा उतारा दाखवावा लागे. जमिनीच्या ज्या नोंदीमुळे एरवी तो सधनांत गणला जाई, तीच आता त्याच्या आपत्तीचा पुरावा ठरली. शुभ्रपत्रिकाधारक कुटुंबातील भूमिहीनास मात्र ही वाट नव्हती.

योजनेस २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा ५ लाखांवर नेली व रंगाची अट काढून सर्व पत्रिकाधारकांस संरक्षण दिले. त्याच वर्षी परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या दोन घटना एकत्र पाहणे आवश्यक आहे. पहिलीने अधिकाराचा प्रश्न सुटला, दुसरी उपचाराच्या स्थळाशी संबंधित आहे. पाव शतक शासनाची शक्ती मुख्यतः पात्र व अपात्र यांची निवड करण्यात खर्च झाली. जिंतूर वा गंगाखेडच्या रुग्णास विमा असूनही शस्त्रक्रियेसाठी किती दूर जावे लागते, यावरच यापुढे त्या अधिकाराचे मोल ठरेल.