गांवोगांवचा पट आणि एकच नियम

बुद्धिबळाचा उगम भारतांत झाला, असें बहुतेक इतिहासकार मानतात. तथापि दोन गांवांचे खेळाडू पटावर समोरासमोर बसले, म्हणजे प्रथम वाद उपस्थित होई तो नियमांचा. देशी पद्धतींत प्यादें सामान्यतः पहिल्या खेपेसही एकच घर चाले. शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्याची उडी घेतां येई. आणि शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें बहुधा त्या घराचेंच मोहरें होई. यांतही प्रांतोप्रांतीं फरक असे. ओसरीवरच्या डावाला हें शोभे. साखळी सामन्यांना तें कसें चालावें?

मीर सुलतानखान देशी नियमांवर वाढले. विलायती नियम नव्यानें आत्मसात करून त्यांनीं १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें; पण असें दुसऱ्यांदा शिकणें प्रत्येकास साधत नाहीं. १९५५ सालीं एलुरु येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, तेव्हां देशाला एकच पट लाभला.

तो पट घरोघर पोंचविला स्थानिक मंडळांनीं. सांगलीचें नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालचें. भाऊसाहेब पडसलगीकरांनीं तें निष्ठेनें चालविलें. त्यांच्या शिष्या भाग्यश्री साठे-ठिपसे पांच वेळां राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

या एकीकरणांत राजाची ती उडी लोपली, हें खरें. परंतु नारायणगांवाशेजारच्या वारूळवाडीचा मुलगा आज सांगलीच्या अनोळखी मुलासमोर बसला, तर दोघांना नियमांवरून भांडावें लागत नाहीं. मैत्रीच्या सामन्याचा पाया तोच होय.