मोजकी सोंगे, मोकळे संवाद

नाटकात पात्रप्रकार किती असावेत, हा प्रश्न एरवी संहितेपुरता असतो. जिथे संवाद लिहिलेलेच नसतात, तिथे मात्र त्यावर सबंध खेळ अवलंबून राहतो. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात एक जण कथा चालवतो आणि बाकीचे आपापले पात्र घेऊन तिच्यात उत्स्फूर्त बोलतात. आरंभी पात्रांचे वर्ग तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. पुढे ते वाढत गेले आणि पर्याय किती द्यावेत, हा वाद खेळाला कायमचा चिकटला. या वादाची एक जुनी बाजू आपल्याला सांगलीत सापडते.

१८४३ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवले. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि तिच्या अनुरोधाने पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. साहजिकच पुढे पदे छापली गेली. संवाद मात्र बोलणाऱ्यांबरोबर विरून गेले. एवढी मोकळीक पेलली ती ठरीव सोंगांच्या बळावर. विदूषक, गणपती, सरस्वती ही आरंभीची सोंगे. मग देव, ऋषी, राजे, राक्षस, स्त्रिया. राक्षसाने 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकली, की समोरच्या नटाला आणि प्रेक्षकाला पुढचा रोख कळे.

पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या हयातीत ते सातारा जिल्ह्यात होते. त्यांनी ज्या तमाशाला आयुष्य वाहिले, त्याच्या गवळणीतही कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणी एवढीच मंडळी वर्षानुवर्षे येत राहिली. मथुरेचा बाजार तोच, पण हजरजबाबी सोंगाड्या त्यात रोज नवा टोमणा भरी.

१८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले. संवाद लेखणीने बांधले गेले, तशी पात्रे साच्यांतून सुटून व्यक्ती होऊ लागली. म्हणजे शब्द आणि पात्र यांतील एक मोकळे सोडताना दुसरे आवरावे लागते, असे आम्हांस वाटते.

तरीही मोजक्या सोंगांचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही. भाव्यांच्या मंडळीत सीतेचे सोंगही पुरुषच घेई. यादीत स्त्री होती. सोंग निवडणाऱ्यांत ती नव्हती. म्हणून पर्यायांची संख्या ठरवण्याआधी, ती ठरवायला कोण कोण बसले आहे, हे पाहायला हवे.