लाल दिव्याचे दोन अर्थ

देवरूखला रेल्वे नाही. जवळचे स्थानक संगमेश्वर रोड, आणि तेही कोकण रेल्वेच्या कृपेने मिळालेले. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा हा मार्ग सलग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. परंतु तालुक्यातल्या चाकरमान्यांना रेल्वे त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होती, ती गिरणगावातून आणि लोकलमधून. म्हणजे आमच्या भागाने आधी चार मार्गांची रेल्वे पाहिली आणि मग एका मार्गाची. हा उलटा क्रम लक्षात घेतला नाही तर ‘लोकल तीन-चार मिनिटांनी येते आणि आमची गाडी रानात तासभर उभी’ या तक्रारीचे मूळ हाती लागत नाही.

बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. विजेची गाडी आली १९२५ साली, व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन तारखा हमखास असतात; १९२८ क्वचितच सापडते. त्या वर्षी व्हीटी–भायखळा दरम्यान स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसले. माझ्या मते मुंबईची लोकल खऱ्या अर्थाने ‘लोकल’ झाली ती या व्यवस्थेमुळे. नुसत्या विजेने ते साधले नसते.

तत्त्व साधे आहे. रुळांचे विद्युतदृष्ट्या अलग तुकडे पाडायचे आणि प्रत्येकातून क्षीण प्रवाह खेळवायचा. गाडी तुकड्यावर आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह पलीकडे पोहोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी लालच. त्यामागे पिवळा, दोन पिवळे, हिरवा अशी उतरंड. दोन स्थानकांच्या मध्ये एकामागोमाग अनेक गाड्या राहू शकतात, आणि त्यांना सोडायला स्टेशनमास्तर लागत नाही.

यातला खरा मौजेचा भाग नियमपुस्तकात आहे. ज्या खांबावर ‘ए’ अक्षराची पाटी असते, त्याच्या लाल दिव्यापाशी मोटरमनने थांबायचे. दिवसा एक मिनिट, रात्री दोन. तरीही दिवा लालच राहिला तर ठरावीक शिटी देऊन अगदी सावकाश पुढे जायचे. इथे लालचा अर्थ ‘पुढे कोणीतरी आहे, बेताने या’.

एकेरी मार्गावर हा अर्थ चालणार कसा? समोरून येणारी गाडी त्याच रुळांवर आहे. दोन्ही स्थानकांची संमती झाल्याखेरीज गाडी सुटत नाही, आणि साधारणतः दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी. दुसरीने लूप लाइनवर ‘क्रॉसिंगला’ थांबायचे. इथला लाल म्हणजे निखळ नकार. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आठवला की या नकाराविषयी तक्रार उरत नाही.

तक्रार करायची तर निराळी आहे. ७४१ किलोमीटरांच्या या मार्गापैकी रोहा–वीर हा सुमारे ४६ किलोमीटरांचा टप्पा दुहेरी झाला तो २०२१ साली. गाड्या वाढत गेल्या आणि मार्ग एकेरीच राहिला. अशा मार्गावर नवी गाडी वाढली की ती आधीच्या गाड्यांच्या वेळेतूनच आपली वेळ काढते, आणि क्रॉसिंगला बाजूला काढली जाते ती बहुधा पॅसेंजर.

या दोन व्यवस्थांची गाठ पडते दिवा जंक्शनला. (स्थानकाचे नाव कोणी सिग्नलवरून ठेवलेले नाही, ते मूळ गावाचेच.) ठाणे–दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका २०२२ साली सुरू झाली; १९१६चा पारसिक बोगदा त्याआधीपासून होताच. एवढे मार्ग असूनही कोविडच्या टाळेबंदीनंतर रत्नागिरीची पॅसेंजर दादरऐवजी दिव्यालाच थांबू लागली, तेव्हा कोकणात मोठी ओरड झाली. दादरला उतरून थेट घर गाठणारा माणूस तांदळाचे गाठोडे आणि फणस घेऊन दिव्याचा पूल चढू लागला, पलीकडच्या फलाटावरची धिमी लोकल पकडण्यासाठी.