दोनांपैकी एक चालू : १४ फेब्रुवारी १९९०

इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण ६०५, मुंबई ते बंगळूर. विमान एअरबस ए-३२०, दोन महिन्यांपूर्वीच ताफ्यात आलेले. आत १३९ प्रवासी आणि ७ कर्मचारी.

सकाळी ११.५८
तासाभराच्या उशिराने विमान मुंबईहून उडते. डाव्या आसनावर कॅप्टन सिरिल फर्नांडिस, उजवीकडे त्यांची परीक्षा घेणारे कॅप्टन एस. एस. गोपुजकर. वैमानिकाचा हात आणि विमानाचे पंख यांच्यामध्ये पाच संगणक. ते दोन वेगवेगळ्या प्रकारचे, म्हणजे एकातली चूक दुसऱ्यात नसावी.

दुपारी १२.२५
बंगळूरशी संपर्क. हवा स्वच्छ.

१२.४४
११,००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळते.

१ वाजल्यानंतर
धावपट्टी समोर आहे, पण विमान ‘आयडल ओपन डिसेंट’मध्ये गेले आहे. या अवस्थेत इंजिनांचा जोर किमान राहतो. शेजारशेजारच्या दोन नॉबमध्ये गल्लत झाली असावी, असा तर्क पुढे मांडला गेला. पक्के कारण सापडले नाही.

शेवटचे अर्धे मिनिट
यंत्राचा आवाज उंची सांगतो : चारशे, तीनशे, दोनशे. गोपुजकरांना अवस्था कळते. दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर उड्डाणाची दिशा दाखवणारी यंत्रणा) बंद केले, की ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, वेग राखू लागतो. फर्नांडिस आपला बंद करतात. गोपुजकरांचा चालूच राहतो. हवा असलेला वेग १३२ नॉट; तो १०६वर घसरतो.

सुमारे १३५ फूट
विमान धोका ओळखून पूर्ण शक्ती मागते, थ्रॉटलही पुढे जातात. पण मंदावलेल्या इंजिनांना जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढी उंची उरलेली नाही.

१.०३
धावपट्टीच्या २,३०० फूट अलीकडे, गोल्फच्या मैदानावर चाके टेकतात. विमान उसळते, बांधावर आदळते, पेटते. ९२ जण गेले, ५४ वाचले.

चौकशीने थ्रॉटल वेळेत पुढे न ढकलल्याचा ठपका वैमानिकांवर ठेवला. संगणक मात्र नेमून दिल्याप्रमाणेच वागला होता, आणि मला हेच सर्वांत गंभीर वाटते. आज विमानाच्या सॉफ्टवेअरचे धोक्यानुसार पाच स्तर करतात. सर्वांत वरच्या स्तरात प्रत्येक अट एकटीने निकाल बदलते, हे चाचणीने सिद्ध करावे लागते. ‘दोन्ही बंद असतील तरच’ ही अट त्या कसोटीलाही पूर्ण गुणांनी उतरली असती. धावपळीत माणसाने एकच बंद केला तर काय, हा प्रश्न प्रोग्राम लिहिण्याच्या आधी, गरजांच्या पहिल्या कागदावर विचारावा लागतो.